नातं वर्षानुवर्षं टिकायला नक्की काय लागतं? ('तडजोड' सोडून सांगा)

शरयू_नगर
नमस्कार मंडळी. मी आणि माझा होणारा नवरा बरीच वर्षं एकत्र आहोत, आता विशेष विवाह कायद्याखाली लग्न करतोय. जात वेगळी, त्याच्या घरचे तयार, माझ्या घरचे अर्धे तयार. विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात नोटीस लागलीय, हरकतीची ३० दिवसांची मुदत संपेपर्यंत लग्न लागत नाही, त्यामुळे सध्या हातात वेळ आणि डोक्यात नको तितके विचार.

या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "बाळा, तडजोड करावी लागते." मावशी, आत्या, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांनी सांगून झालं. पण कसली तडजोड, कोणी करायची, किती, आणि रोज उठून नक्की करायचं काय असं विचारलं की "कळेल हळूहळू" म्हणतात.

मला स्वतःला वाटतं की नुसतं प्रेम आहे म्हणून काही टिकत नाही. माझ्या ओळखीत प्रेमविवाह करून आता फक्त गॅस सिलिंडर आणि मुलांची फी एवढ्यावरच बोलणारी जोडपी आहेत, आणि कांदेपोहे करून लग्न झालेली, साठीतसुद्धा एकमेकांची चेष्टा करत जेवायला बसणारीही आहेत. म्हणून विचारतेय, ज्यांचं नातं खूप वर्षं चाललंय आणि अजून आवडतंय त्यांनी सांगा, खरंच काय करता तुम्ही? ज्यांचं टिकलं नाही त्यांनीही लिहावं, मला त्याचा जास्त उपयोग होईल.

खान्देशी_ठसका
अभिनंदन गं! पहिलं उत्तर माझं घे: दोन वेगळी पांघरुणं. एका पांघरुणात कुणाचाच संसार होत नाही. आता बाकीची गंभीर मंडळी येतीलच.

आरती_ठाणे
पांघरुणाला +१. पंख्याचा स्पीडसुद्धा लग्नाआधी ठरवून घ्या हाहा.

बाकी आमच्याकडे एक नियम आहे तो सांगते. रात्री साडेदहानंतर पैसे आणि दोघांचे आईवडील हे दोन विषय काढायचे नाहीत. आम्ही दोघंही लोकलने जाऊन येऊन करतो, रात्री त्या वेळेपर्यंत डोकं चालत नाही आणि मग जे बोललं जातं ते सकाळी कुणालाच खरं वाटत नसतं. विषय असेल तर शनिवारी सकाळी नाश्ता झाल्यावर. अर्धे विषय शनिवारपर्यंत आपोआप मिटतात आणि उरलेले अर्धे खरंच बोलायचे असतात.

सुहास_कोथरूड
पण "भांडण मिटवल्याशिवाय झोपू नये" असं म्हणतात ना? माझे आजी-आजोबा हेच सांगायचे.

आरती_ठाणे
सुहास, आजी-आजोबांना पहाटे ५:४० ची डोंबिवली लोकल पकडायची नसेल. मी तर म्हणते आधी झोपा. फक्त झोपायच्या आधी एवढं म्हणायचं की "हे संपलेलं नाही पण मी तुझ्यावर चिडून झोपत नाहीये." तेवढं म्हटलं नाही तर मात्र दुसरा माणूस रात्रभर छताकडे बघत बसतो.

दर्यावर्दी
मी मर्चंट नेव्हीत, इंजिन साइडला. चार ते सहा महिने जहाजावर, मग दोन-तीन महिने घरी. लोकांना वाटतं लांब राहणं कठीण असेल. लांब राहण्याची सवय होते हो. कठीण असतात ते साइन ऑफ करून घरी आल्यावरचे पहिले काही दिवस. माझ्याशिवाय घर व्यवस्थित चाललेलं असतं. मुलीची शाळा, सोसायटीची मीटिंग, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं बायकोने लावून ठेवलेलं असतं आणि मी येऊन म्हणतो की हे असं का, ते तसं का. आमच्या फिल्डमधल्या बऱ्याच जणांची मोठी भांडणं याच काळात होतात.

आम्ही ठरवून टाकलंय की आल्यावर पहिला आठवडा मी घरातला एकही निर्णय फिरवायचा नाही. आणि तिने मला पाहुण्यासारखं ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवसापासून मुलीला बसस्टॉपवर सोडणं माझ्याकडे. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कारण काम हातात नसलेला माणूस दुसऱ्याच्या कामात खोड्या काढतो.

अजून एक, लांब राहणाऱ्यांसाठी. "फोन कर" एवढाच मेसेज कधी पाठवायचा नाही. वॉच (ड्यूटीची पाळी) संपवून वर आल्यावर तो मेसेज दिसतो, तेवढ्यात नेट गेलेलं असतं, आणि पुढचे बारा तास माणूस काय काय कल्पना करतो ते लिहीत नाही. बायको नेहमी लिहिते, "सगळे ठीक आहेत, बोलायचंय." चार शब्दांत जीव भांड्यात पडतो.

शरयू_नगर
दर्यावर्दी, हेच मला हवं होतं. "सगळे ठीक आहेत, बोलायचंय" हे आजपासून आमच्याकडेही. तो सध्या चाकणला असतो, मी नगरला.

अश्विनी_मानस
मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलंय म्हणून थोडी अभ्यासातली भर घालते. अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांना एका फ्लॅटसारख्या प्रयोगशाळेत राहायला लावून त्यांचं साधं वागणं रेकॉर्ड केलं. स्वयंपाक, पेपर वाचणं, गप्पा, असंच. त्यात एक गोष्ट मोजली. एकाने काहीतरी सहज म्हटलं, समजा "बघ, बाल्कनीत बुलबुलाने घरटं केलंय", की दुसरा काय करतो? मान वर करतो, की फोनमध्येच राहतो, की "मग मी काय करू" म्हणतो? सहा वर्षांनी बघितलं तेव्हा जी जोडपी एकत्र होती त्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ दिली होती, ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी ३३ वेळा.

दुसरं म्हणजे त्यांच्या मते जोडप्यांमधले साधारण ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. एकाला पसारा चालतो, दुसऱ्याला नाही, हे आयुष्यभर तसंच राहतं. सुटत नाहीत म्हणून नातं मोडतं असंही नाही, त्या वादात एकमेकांना तुच्छ लेखलं जातं का यावर बरंच अवलंबून असतं. डोळे फिरवणं, नक्कल करणं, "तुमच्या घरात असंच चालतं" हे बोलणं, याचा परिणाम फार वाईट होतो.

आणि आरतीताई, तुमच्या झोपण्याच्या नियमाला आधार आहे बरं. भांडताना नाडीचे ठोके खूप वाढले की समोरच्याचं ऐकूच येत नाही, तेव्हा निदान वीस मिनिटं थांबा असं तेही सांगतात.

शंकेखोर
८६ आणि ३३ वाचायला छान वाटतं, पण जरा जपून. गॉटमनची प्रसिद्धी झाली ती "कोणाचा घटस्फोट होणार ते मी आधीच सांगतो" या दाव्यावर, आणि त्यावर इतर संशोधकांनी चांगलीच टीका केलीय. ज्या जोडप्यांच्या माहितीवरून सूत्र बसवलं, त्याच जोडप्यांवर ते बरोबर आलं म्हणून सांगायचं, याला भाकीत म्हणत नाहीत. दुसरा प्रश्न, नातं मुळात चांगलं आहे म्हणून माणूस मान वर करतो, की मान वर करतो म्हणून नातं चांगलं राहतं? आणि शेवटी ती सगळी अमेरिकन जोडपी. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या फ्लॅटमध्ये सासूबाई नव्हत्या.

अश्विनी_मानस
शंकेखोर, भाकिताबद्दलची टीका रास्त आहे, मी तो दावा केलाही नाही. आधी काय नि नंतर काय हेही पक्कं सांगता येत नाही. पण बुलबुलाकडे बघायला काय खर्च येतो? मला तरी समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे, "मी बोलतो ते हिच्या कानावरच पडत नाही", "हा ऐकतो पण उत्तर देत नाही". सासूबाईंचा मुद्दा मात्र खरा, आपल्याकडे दोन माणसांचं नातं दोघांत राहत नाही.

मालवणी_खाजो
वाचत होतो, लिहिणार नव्हतो, पण दर्यावर्दींचं वाचून माझे आई-बाबा आठवले.

बाबा गिरणीत, लालबागला. आई गावाला, कुडाळच्या बाजूला. आमच्याकडच्या अर्ध्या गावाचं असंच होतं, बापये मुंबईला, बायका घरी, शेती नि म्हातारी माणसं त्यांच्याकडे. बाबा एका खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, खाणावळीत जेवायचे. गणपतीला आणि मे महिन्यात येणार, बाकी वर्षभर मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुराला थोडी जागा असायची. बाबा त्या दोन बोटं जागेत दर महिन्याला काहीतरी लिहायचे. आईला वाचता येत नव्हतं, पोस्टमन खळ्यात उभा राहून मोठ्याने वाचायचा. त्यामुळे त्यात प्रेमाबिमाचं काय लिहिणार? लिहायचे "तांबड्या गायीचं काय झालं कळव", "विहिरीला पाणी किती". पण आई सांगायची की ह्यांना वर्षभर घरात काय चाललंय ते ठाऊक असायचं. आलेल्या दिवशी बाबा पहिले गोठ्यात जायचे.

मग १९८२ च्या जानेवारीत संप झाला. तो कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. बाबा काही महिने वाट बघून गावी आले ते कायमचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघं पहिल्यांदा सलग एकत्र राहायला लागली. नोकरी गेलेला माणूस, घरात पैसा नाही, आणि घराचा सगळा कारभार बायकोच्या हातात. आजूबाजूला अशा घरांत दारू शिरलेली मी पाहिलीय, माणसं मारायला उठलेली पाहिलीयत. आमच्याकडे तसं झालं नाही. माझं मत असं की बाबांनी आईच्या हाताखाली काम करणं मान्य केलं. लावणी कधी, बी कुठलं, मजूर किती, हे आई ठरवायची आणि बाबा विचारायचे, "आज काय करू?" भावकीतले लोक हसायचे. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. आईनेही चारचौघांत कधी त्यांना "तुम्हाला काय कळतं" असं म्हटलं नाही. ती दोघं त्यानंतर शेवटपर्यंत एकत्र होती आणि आनंदात होती, हे मी मुलगा म्हणून खात्रीने लिहितो.

आरती_ठाणे
खाजो, तुमची पोस्ट ट्रेनमध्ये वाचली आणि बाजूच्या बाईने विचारलं काय झालं म्हणून.

खान्देशी_ठसका
गोठ्यात पहिले जाणं हीच त्या बुलबुलाकडे मान वर करणं आहे बघा. शंकेखोरांनी या अभ्यासातही खुसपट काढून दाखवावं.

शंकेखोर
नाही काढणार. उत्तम लिहिलंय.

मंगलाताई_सांगली
शरयू, तुझी मावशी-आत्या चुकीचं सांगत नाहीत गं. आमचं लग्न झालं तेव्हा मला यांचा स्वभाव काय, आवाज कसा, काही माहीत नव्हतं. चार दीर, नणंदा, घरात जनावरं. तडजोड केली म्हणून तर आज हे सगळं उभं आहे. आजच्या मुलींना सगळं आधी लिहून पाहिजे, कोण काय करणार, कोण किती देणार. थोडं सोसायची तयारी पाहिजेच. यांनीसुद्धा माझ्यासाठी खूप केलंय, मी एमए केलं ते लग्नानंतर, परीक्षेच्या दिवसांत हे स्वतः भाकरी करायचे, त्या काळात.

निशिगंधा
मंगलाताई, आदर ठेवून सांगते, तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य हेच खरं उत्तर आहे. त्यांनी भाकरी केली म्हणून तुमचं सोसणं तुम्हाला सोसणं वाटलं नाही. ज्या बाईसाठी कुणीच भाकरी केली नाही ती काय सांगणार?

आपल्याकडे तडजोड हा शब्द मुलीलाच ऐकवला जातो. शरयूच्या होणाऱ्या नवऱ्याला किती जणांनी घरी येऊन सांगितलं असेल? केंद्र सरकारचं २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण आहे. त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात घालवतात आणि पुरुष ९७. आणि हे ९७ फक्त जे पुरुष घरकाम करतात त्यांचे, असे पुरुष शंभरात साधारण २६. बाकीच्यांचा हिशोबच नाही त्यात. रोज पाच तासांचं काम एकीकडे असेल तर रात्री दहा वाजता बुलबुल कोण बघणार?

मंगलाताई_सांगली
निशिगंधा, पटलं मला. भाकरीचं मी सहज लिहून गेले, पण आता विचार केला तर त्याच दिवसांमुळे मी बाकीचं सगळं हसत केलं हे खरं आहे. माझ्या जावेच्या वाट्याला तसं काही आलं नाही, ती आजही कडवट बोलते आणि आम्ही तिलाच नावं ठेवतो. सोसायची तयारी दोघांची पाहिजे असं म्हणते मी आता.

सुहास_कोथरूड
निशिगंधा +१००. खरं तर आमच्यात वाद कामाच्या वेळेवरून कमी होतात, "लक्षात कोण ठेवणार" यावरून जास्त. भांडी मी घासतो. पण भांड्यांचा साबण संपत आलाय हे तिच्या लक्षात असतं.

प्राजक्ता_सासवड
थोडं अवांतर, पण शरयूची नोटीस वाचून राहवलं नाही. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ मधली. पहिलं पत्र आजारपणात माहेरी नायगावला असताना लिहिलेलं. भाऊ या दोघांच्या कामाला नावं ठेवत होता, त्याला आपण काय उत्तर दिलं ते त्या नवऱ्याला कळवतात. दुसरं १८६८ चं, तेही नायगावहूनच. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी प्रेमात पडले, गावकरी दोघांना धिंड काढून मारायला निघाले होते, सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचा धाक घातला, दोघांना वाचवलं आणि जोतीरावांकडे पुण्याला पाठवून दिलं. नवऱ्याला विचारून मग पाठवते असं नाही. तो त्यांना सांभाळणार हे गृहीतच. तिसरं पत्र जुन्नरजवळ ओतूरहून, दुष्काळाच्या कामातलं.

मला वाटतं दोघांनी मिळून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी हातात घेतलेलं असलं की नात्याला वेगळीच ताकद येते. ते समाजकार्यच पाहिजे असं नाही, माझी मामी-मामा दोघं मिळून नर्सरी चालवतात, त्यांचं पण तसंच आहे.

अश्विनी_मानस
प्राजक्ता, याच्या जवळ जाणारा एक प्रयोग आहे, २००० साली छापून आला होता. आर्थर एरन आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून, मध्ये उशी धरून, ती हाताने न पकडता, जिममधल्या गाद्यांवरून रांगायला लावलं होतं. दुसऱ्या गटाला साधं कंटाळवाणं काम दिलं. रांगणाऱ्यांना नंतर आपलं नातं जास्त चांगलं वाटलं. नवीन आणि थोडं अवघड काहीतरी जोडीने करणं, असा मुद्दा.

खान्देशी_ठसका
म्हणजे हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायला लावायच्या त्या आज्ज्या शास्त्रज्ञ होत्या.

एक_वाचक_नागपूर
शरयू, तू म्हणालीस न टिकलेल्यांनी लिहा. लिहितो.

आमच्यात मारहाण नव्हती, तिसरं माणूस नव्हतं, पैशाचा त्रास नव्हता. दोघंही चांगली माणसं. झालं असं की दोघांनी एकमेकांना गोष्टी सांगणं हळूहळू बंद केलं. तिला प्रमोशन मिळालं ते मला तिच्या बहिणीच्या स्टेटसवरून कळलं. माझी बायोप्सी झाली, रिपोर्ट चांगला आला, हे तिला मित्राच्या बायकोकडून कळलं. त्या रात्री आम्ही दोघं डायनिंग टेबलवर बसून शांतपणे बोललो, फार दिवसांनी. त्या बोलण्यातच ठरलं वेगळं व्हायचं. आज आमचं बोलणं चांगलं आहे.

म्हणून मी मित्र म्हणून एकच सांगेन. चांगली बातमी पहिली कोणाला सांगावीशी वाटते याकडे लक्ष ठेवा. वाईट बातमीला घरचे धावतातच. चांगली बातमी सांगायला दुसराच कोणी आठवायला लागला तर त्याच आठवड्यात बोला, वाट बघू नका.

वकील_काकू
एक वाचक, धीराने लिहिलंत, बरं वाटलं.

मी कौटुंबिक न्यायालयात काम करते. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालयं आली, तिथे समुपदेशक असतात आणि समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाला बंधनकारक असतं. पण लोक तिथे पोचतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. भांडणाला सुरुवात झाल्यावर पहिल्या वर्षातच समुपदेशकाकडे गेलेली जोडपी मी सुधारताना पाहिलीत. "आम्हाला काय वेड लागलंय का" म्हणून थांबलेल्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावर येतात.

आणि एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही म्हणून स्पष्ट लिहिते. जिथे मार आहे, धमकी आहे, पैसे काढून घेणं आहे, फोन तपासणं आहे, तिथे नातं टिकवायचे उपाय शोधू नका. आधी सुरक्षित व्हा. वर लिहिलेलं सगळं दोघं एकमेकांना घाबरत नसतील तेव्हाचं आहे.

शरयू, तुझ्यासाठी कामाचं: नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं, नाहीतर परत नोटीस. आणि तीन साक्षीदार लागतात, त्यांची ओळखपत्रं आधीच गोळा करून ठेव, ऐन दिवशी एखादा आधारकार्ड विसरतो.

दर्यावर्दी
पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर. आम्ही घरखर्चाचं एक खातं ठेवलंय, त्यात दोघं आपापल्या पगाराच्या प्रमाणात टाकतो. बाकी ज्याचं त्याच्याकडे, विचारायचं नाही. दोघांच्या आईवडिलांना जे द्यायचं ते मात्र उघड द्यायचं, लपवून नाही. माझ्या बॅचमेटचं घर या एका लपवालपवीवरून हललं.

शरयू_नगर
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्राजक्ताताई, ते १८६८ चं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण वकील काकूंची साक्षीदारांची गोष्ट सांगितली तेव्हा स्वतःहून म्हणाले की आपल्या मामाला विचारून बघ. माझ्या घरचे अर्धे होते ते आता पाऊण तयार आहेत असं धरते.

काल त्याला हा धागा पाठवला. त्याने सगळा वाचला आणि सुहासचं वाचून म्हणाला, कामं वाटून घेण्याआधी "लक्षात ठेवायच्या गोष्टी" वाटून घेऊया. बसून यादी केली. माझ्याकडे: लाइट बिल, दोन्हीकडच्या वाढदिवस-सणांच्या तारखा, गाडीचा इन्शुरन्स. त्याच्याकडे: किराणा, गॅस बुकिंग, त्याच्या आईच्या गोळ्या, पाहुणे येणार असतील तर काय करायचं ते. सणांवरून जरा वाजलं, कारण त्याच्या घरच्या पद्धती मला माहीतच नाहीत, मग त्या त्याच्याकडे गेल्या. अजून काय राहिलं?

निशिगंधा
छान केलंत! राहिलं: पिण्याचं पाणी भरणं, कामवाल्या ताईंची सुट्टी आली तर पर्याय, धुवायचे कपडे पावसात आत घेणं, डॉक्टरची अपॉइंटमेंट, आणि लग्नाकार्यात काय आहेर द्यायचा ते. या शेवटच्यावरून दर वर्षी भांडण होतं, आत्ताच नाव लिहून टाक.

सुहास_कोथरूड
भांड्यांचा साबण.

शरयू_नगर
साबण त्याच्याकडे. आहेर माझ्याकडे. पाणी ज्याला आधी जाग येईल त्याने भरायचं असं म्हणत होतो, पण ते चालेल का?

मंगलाताई_सांगली
नाही चालणार बाळा, मग दोघंही झोपल्याचं सोंग घेतील. वार ठरवून घ्या.